तानसेन ग्वाल्हेरी

अयोध्येत नया घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चौकात एक प्रचंड वीणा उभी आहे. चाळीस फूट लांबीची व चौदा टन वजनाची ही वीणा २८ सप्टेंबर २०२२ रोजी, लता मंगेशकर यांच्या जयंतीदिनी, उभी राहिली. ती घडवणारे शिल्पकार राम सुतार हे मूळचे धुळे जिल्ह्यातले. रस्त्याने जाणारा येणारा प्रत्येक जण क्षणभर थबकतो आणि मान उंचावून पाहतो. स्वर हा मुळात अदृश्य असतो. गायकाचा श्वास संपला की तोही संपतो. त्याची आठवण ठेवायची तर ती दिसेल अशी, मोठी, दुरून नजरेत भरणारी असावी, असे माणसाला वाटते आणि त्यात वावगे काही नाही.

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात मात्र उलटाच अनुभव येतो. रस्त्यालगतच्या आवारात शिरले की समोर एक भव्य वास्तू दिसते. चारही कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज, वर रुंद घुमट आणि भिंतींच्या जागी दगडात कोरलेल्या इतक्या नाजूक जाळ्या की सूर्यप्रकाशाची जमिनीवर रांगोळी उमटावी. पाहुण्याला वाटते, हीच तानसेनाची कबर. ती तशी नसते. ही भव्य वास्तू सूफी संत शेख मुहंमद गौस यांची आहे. तानसेनाची कबर त्याच आवारात, थोडी बाजूला, एका चौथऱ्यावरील साध्या खांबांच्या मंडपात आहे. तिला भिंती नाहीत, घुमट नाही. शेजारी चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा. ही श्रद्धा इतकी पक्की, की पिढ्यानपिढ्या गायकांनी जुन्या झाडाला पानच राहू दिले नाही, असे थट्टेने म्हटले जाते.

हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध गायकाचे स्मारक एवढेसे, आणि तरीही जिवंत. हे कसे घडले, याचा विचार आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात करण्याजोगा आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे म्हणजे एक वारसा परक्या भूमीत सांभाळणे. तानसेनाचे चरित्र हेही मुळात अशाच सांभाळलेल्या वारशाचे चरित्र आहे.

वर्गात तानसेनाचे नाव निघाले की मुले दोनच गोष्टी विचारतात : त्याच्या गाण्याने दिवे खरेच पेटत होते का, आणि पाऊस खरेच पडत होता का? दंतकथांच्या या झगमगाटात खरा माणूस झाकला गेला आहे. दंतकथा सुंदर आहेत आणि त्या मुलांना सांगाव्यातच. पण त्यांच्यामागे जो इतिहास आहे तो त्यांच्याहून कमी विस्मयकारक नाही, हेही सांगावे.

तानसेनाची कथा तानसेनापासून सुरू होत नाही. ती सुरू होते ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, राजा मानसिंह तोमराच्या दरबारात. मानसिंहाने १४८६ ते १५१६ अशी तीस वर्षे राज्य केले. निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांच्या नक्षीने नटलेला त्याचा मानमंदिर राजवाडा आणि राणी मृगनयनीसाठी किल्ल्याच्या पायथ्याशी बांधलेला गुजरी महाल आजही उभे आहेत. परंतु मानसिंहाचे खरे बांधकाम दगडातले नव्हते. तो स्वतः संगीताचा जाणकार होता. आपल्या दरबारातील नायक बक्षूसारख्या श्रेष्ठ कलावंतांच्या साहाय्याने त्याने ध्रुपद या गायनप्रकाराला प्रतिष्ठा दिली आणि रागांची चर्चा करणारा ‘मानकुतूहल’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे औरंगजेबाच्या काळात फकीरुल्लाह या सरदाराने त्याचा फारसीत अनुवाद केला, तोच ‘रागदर्पण’.

मानसिंहाचे सर्वांत मोठे धाडस भाषेचे होते. तोवर विद्वानांच्या संगीतात संस्कृत पदरचनेला मान होता. मानसिंहाने ध्रुपदासाठी लोकांच्या तोंडची भाषा निवडली. आज आपण जिला ब्रजभाषा म्हणतो, तिला त्या काळी ग्वाल्हेरी असेही नाव होते. घरात बोलली जाणारी भाषा दरबाराच्या गंभीर संगीताला पेलेल, हा विश्वास त्या राजाने दाखवला. ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणताना जो विश्वास दाखवला, त्याच जातीचा तो होता, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ध्रुपदाचे स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग हे चार भाग, आधी सावकाश उलगडणारा आलाप, मग पखवाजाच्या साथीने बहुधा बारा मात्रांच्या चौतालात बांधलेले पद, हे सारे शास्त्र या देशी भाषेने लीलया पेलले.

मानसिंह गेला आणि त्यानंतर काही वर्षांतच ग्वाल्हेर लोदींच्या ताब्यात गेले. त्याचा मुलगा विक्रमादित्य १५२६ साली पानिपताच्या रणांगणावर इब्राहीम लोदीच्या बाजूने लढताना मारला गेला. आश्रय सुटला तसे गायक पांगले. नायक बक्षू कालिंजरच्या राजाकडे आणि तेथून गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडे गेला. दरबार मोडला, राजवंश संपला. गाणे संपले नाही. ज्यांच्या कंठात ते होते ते जिथे गेले तिथे ग्वाल्हेर गेले. बक्षूची ध्रुपदे शंभर वर्षांनंतरही इतकी गायिली जात होती, की शहाजहानच्या काळात त्यांतील एक हजार पदे निवडून त्यांचा ‘सहसरस’ नावाचा संग्रह करण्यात आला.

या पांगापांगीच्या काळात तानसेन वाढला. ग्वाल्हेरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरील बेहट हे त्याचे गाव. वडिलांचे नाव परंपरेने मकरंद असे सांगितले जाते आणि त्याचे लहानपणीचे नाव तन्ना किंवा रामतनू. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. निरनिराळ्या मतांत कित्येक वर्षांचे अंतर आहे. बेहटला ओढ्याकाठी एक शिवमंदिर असून ते एका बाजूला कलले आहे. तन्नाच्या तानेने ते झुकले, असे गावकरी सांगतात. तन्ना रानात गुरे राखताना पशुपक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढी आणि वाघाच्या डरकाळीने वाटसरूंना घाबरवी, अशीही कथा आहे. मुलांना ती फार आवडते. शिक्षिकेला त्यात आणखी काही दिसते : जे मूल नीट ऐकते, तेच पुढे नीट गाते.

त्याच्या गुरूंविषयी दोन परंपरा आहेत आणि दोन्ही ग्वाल्हेरच्या मातीने सारख्याच प्रेमाने जपल्या आहेत. एक परंपरा त्याला वृंदावनचे स्वामी हरिदास यांचा शिष्य मानते. हरिदासांचे गाणे फक्त आपल्या आराध्यासाठी होते, म्हणून अकबर बादशहा वेष पालटून तानसेनाचा सेवक म्हणून त्यांच्या कुटीबाहेर गाणे ऐकायला बसला, ही कथा चित्रकारांनीही पुष्कळदा रंगवली. दुसरी परंपरा त्याला शेख मुहंमद गौस यांच्या कृपाछत्राखाली आणते. गौस हे शत्तारी पंथाचे थोर सूफी. हुमायून बादशहाची त्यांच्यावर श्रद्धा होती. भारतीय योगमार्गाविषयी त्यांना मनापासून जिज्ञासा होती. तानसेनाच्या नावावर असलेली ध्रुपदे पाहिली तर त्यांत गणेश, सरस्वती, शंकर आणि कृष्ण आहेत, पीरांची स्तुती आहे आणि बादशहाचा गौरवही आहे. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला हा गायक मियाँ म्हणून प्रसिद्ध झाला आणि सूफी संताच्या शेजारी विसावला. त्याला एका बाजूला ओढून नेण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. परंतु त्याच्या गाण्यानेच ते मानले नाहीत.

तानसेनाच्या कीर्तीचा पहिला मोठा काळ आग्र्याचा नव्हे, तर बांधवगडच्या वाघेल्यांच्या दरबाराचा. पुढे रीवा संस्थान म्हणून प्रसिद्ध झालेल्या या राज्याचा राजा रामचंद्र हा रसिक आणि उदार होता. त्याच्या घराण्यावर त्या काळी रचलेल्या ‘वीरभानूदय’ या संस्कृत काव्यातही तानसेनाचा गौरवाने उल्लेख येतो. राजाने त्याला सुखात ठेवले होते. ध्रुपदे रचावीत, गावीत आणि शिष्य घडवावेत, असे ते दिवस होते.

त्याची कीर्ती तरुण अकबराच्या कानी गेली. १५६२ साली बादशहाने जलाल खान कुर्ची या सरदाराला बांधवगडला धाडले. हे निमंत्रण होते, तसाच तो हुकूमही होता. लहान राज्याचा राजा बलाढ्य बादशहाला नाही म्हणू शकत नव्हता. रामचंद्राने भेटवस्तूंसह आपल्या गायकाला निरोप दिला. निरोपाच्या वेळी राजाने स्वतः पालखीला खांदा दिला आणि त्या उपकाराने भारावलेल्या तानसेनाने, ज्या उजव्या हाताने राजाला मुजरा केला त्या हाताने यापुढे कोणालाही मुजरा करणार नाही, अशी शपथ घेतली, असे परंपरा सांगते. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले दुःख खरे आहे. कलावंताला मोठा दरबार मिळतो तेव्हा एक छोटे घर सुटते. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी नोकरीसाठी गाव, प्रांत, देश सोडले. त्यांना हा निरोप समजावून सांगण्याची गरज नाही.

मोगल दरबार हा फारसीचा दरबार होता. कारभार फारसीत, काव्य फारसीत, शिष्टाचारही फारसीत. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातील छत्तीस गायकवादकांची यादी दिली आहे. त्यात मशहद आणि हेरातहून आलेले कलावंत आहेत. घिचक, कुबूझ, सुरना यांसारखी वाद्ये वाजवणारे आहेत. माळव्याचा पदच्युत सुलतान बाजबहादूरही आहे. या यादीत पहिले नाव मियाँ तानसेनाचे आणि त्याच्या नावापुढे गावाचे नाव आहे : ग्वाल्हेर. एवढेच नाही. यादीतील पहिली पाचही नावे ग्वाल्हेरच्याच गायकांची आहेत. पुढे सरमंडळ वाजवणारा बीर मंडल खान ग्वाल्हेरचा, बीन वाजवणारा शिहाब खानही ग्वाल्हेरचा. तोमरांचे राज्य बुडून तोवर दोन पिढ्या लोटल्या होत्या. मानसिंहाचा दरबार केवळ आठवणीत उरला होता. तरीही हिंदुस्थानच्या बादशहाच्या दरबारात गाणे म्हणजे ग्वाल्हेर, हे समीकरण टिकून होते. राजा गेला, पण त्याने रुजवलेली विद्या एका पिढीने दुसरीला दिली म्हणून हे घडले.

आणि या फारसी दरबारात तानसेन गात राहिला तो आपल्या ग्वाल्हेरी भाषेतच. मोठ्या दरबारात आल्यावर त्याने मोठ्या दरबाराची भाषा उसनी घेतली नाही. दरबाराने त्याची भाषा ऐकून घेतली. त्याने फारसीचा तिरस्कार केला, असा याचा अर्थ नव्हे. इराणी वादकांच्या शेजारी बसून तो वर्षानुवर्षे गायिला आणि त्या सहवासातून दोन्ही परंपरा समृद्ध झाल्या. स्वतःची भाषा पक्की असेल तर परभाषेचे भय वाटत नाही, हे त्याच्या उदाहरणावरून शिकावे. अशा गायकाचा जन्म हिंदुस्थानात हजार वर्षांत झाला नाही, असा अभिप्राय अबुल फजलने त्याच्याविषयी नोंदवला. दरबारी इतिहासकार स्तुतीला सढळ असतात, हे मान्य. पण ही स्तुती त्याने बादशहाची नव्हे, एका गायकाची केली आहे.

तानसेनाने निर्माण केलेले म्हणून परंपरेने जे राग आपल्यापर्यंत पोहोचले, ते आज प्रत्येक मैफलीत भेटतात. दरबारी कानडा हा रात्रीचा राग. त्यातील कोमल गंधार सरळ उभा राहत नाही. तो मंद हेलकावे घेतो, आणि त्या आंदोलनातूनच रागाचे गांभीर्य साकार होते. मियाँ की मल्हारमध्ये कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद एकमेकांना लागून येतात. मंद्र सप्तकात ते घोळवले की दूरवर ढग गडगडल्याचा भास होतो. मियाँ की तोडी ही सकाळची. कोमल रिषभ, गंधार आणि धैवत, त्यांच्या जोडीला तीव्र मध्यम, अशी करुणेने भारलेली. या रागांच्या नावातील मियाँ म्हणजे तानसेनच. कोणत्याही शहरातील रस्त्याला वा चौकाला एखाद्याचे नाव द्यायला ठराव करावा लागतो. रागाला दिलेले नाव मात्र गायकांनी चारशे वर्षे स्वेच्छेने उच्चारले तरच टिकते.

आता त्या दिव्यांची गोष्ट. दरबारातील मत्सरी लोकांनी बादशहाकडून तानसेनाला दीपक राग गाण्याचा आग्रह करवला. गाण्याने दिवे पेटले, पण गायकाच्या अंगाचाही दाह होऊ लागला. तो शमवण्यासाठी मल्हार गाणारे कोणी हवे होते, आणि गुजरातेतील वडनगरच्या ताना आणि रिरी या बहिणींनी मल्हार गाऊन त्याला शांत केले. कथेचा शेवट करुण आहे : दरबारात चला, असा हुकूम येताच त्या बहिणींनी प्राणत्याग केला. वडनगरला त्यांचे स्मारक आहे आणि तेथे त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही भरतो. या कथेला समकालीन पुरावा नाही. परंतु लोकांनी ती का जपली, हे पाहण्यासारखे आहे. संगीतसम्राटालाही वाचवणारी विद्या दोन अप्रसिद्ध मुलींच्या कंठात होती, असे ही कथा सांगते. बैजू बावऱ्याशी झालेल्या स्पर्धेची कथाही अशीच. तिच्यात तर तानसेन हरतो. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटाने ती घराघरांत पोहोचवली. मोठ्या माणसाला देव करण्यापूर्वी त्याला एकदा तरी माणसासारखे हरताना पाहावे, असे लोकमानसाला वाटत असावे.

१५८९ साली तानसेनाचा अंत झाला. ‘अकबरनाम्या’त या मृत्यूची नोंद आहे, आणि ती वाचताना मन भरून येते. बादशहाच्या आज्ञेने दरबारातील सारे गायकवादक त्याच्या अंत्ययात्रेबरोबर गात, वाजवत चालले, जणू ती लग्नाची वरात होती. बादशहाच्या दृष्टीने हा एका गायकाचा नव्हे, सुरांचाच अंत होता. गायकाला याहून मोठा सन्मान कोणता? आणि तरीही या एका बाबतीत बादशहाचा अंदाज चुकला. सुरांचा अंत झाला नाही.

तो झाला नाही, याचे कारण तानसेनाने मागे ठेवलेली माणसे. त्याचा मुलगा तानतरंग खान हा अबुल फजलच्या यादीत आहे. दुसरा मुलगा बिलास खान याने पित्याच्या पार्थिवासमोर शोक करताना तोडी गायिली आणि तीच बिलासखानी तोडी झाली, असे घराणी सांगतात. मुलांच्या आणि मुलीच्या वंशातून रबाब आणि बीन वाजवणाऱ्यांची जी परंपरा चालली, तिला सेनिया म्हणतात. मुलीच्या बाजूच्या बीनकार परंपरेत पुढे रामपूरचे वजीर खाँ झाले. त्यांच्यापाशी अलाउद्दीन खाँ शिकले आणि हाफिज अली खाँही शिकले. अलाउद्दीन खाँचे शिष्य रविशंकर आणि अली अकबर खाँ. हाफिज अली खाँचे पुत्र अमजद अली खाँ. विसाव्या शतकात साऱ्या जगाने ज्यांच्याकडून हिंदुस्थानी संगीत ऐकले, ते असे तानसेनाच्या दारापर्यंत पोहोचतात. हाफिज अली खाँ यांचे ग्वाल्हेरमधील घर आज ‘सरोद घर’ या नावाचे संग्रहालय आहे. आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही रामपूरला जाऊन या सेनिया विद्येचा संग्रह केला. गवयांच्या कंठात बंद असलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या, म्हणून त्या आज कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती आहेत.

ग्वाल्हेरचे स्वतःचे गाणे पुढे ध्रुपदाकडून ख्यालाकडे वळले. शिंद्यांच्या आश्रयाने हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी घडवली. ही तानसेनाची वंशपरंपरा नव्हे; पण गाव तेच आणि ध्रुपदाचे भक्कमपणही तेच. आणि इथूनच महाराष्ट्राचा प्रवेश होतो. वासुदेवबुवा जोशी ग्वाल्हेरला ही विद्या शिकले. १८४९ साली जन्मलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी घर सोडून निघाले, अपार कष्ट सोसत त्यांनी वासुदेवबुवांकडून ती विद्या मिळवली आणि मग ती महाराष्ट्रात आणली. मिरजेत त्यांचे शिष्य झाले विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९१८ साली माधवराव शिंदे यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरला संगीत महाविद्यालय सुरू केले. म्हणजे विद्या ग्वाल्हेरहून मिरजेला गेली, मिरजेहून लाहोरला गेली आणि मराठी माणसाच्या हातून शाळेचे रूप घेऊन पुन्हा ग्वाल्हेरलाही आली. वारसा असा फिरता असतो. जो तो शिकतो आणि शिकवतो, त्याचा तो होतो.

तानसेनाच्या समाधीपाशी भरणाऱ्या समारोहाला २०२४ साली शंभरावे वर्ष लागले. शिंदे संस्थानच्या काळात उरुसाच्या रूपाने त्याची सुरुवात झाली. देशभरचे गायकवादक येथे हजेरी लावतात. त्यांच्या दृष्टीने हे व्यासपीठ नव्हे, देवस्थान आहे. सकाळी सनईचे सूर उमटतात, मग हरिकथा होते, मग मीलाद आणि कबरीवर चादर. हरिकथा करणारे ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा मठाचे असतात आणि मराठी माणसाला ती ऐकताना आपल्या कीर्तनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. समारोहाची एक सभा बेहटला, त्या कललेल्या मंदिराजवळ होते, आणि एक गुजरी महालात. म्हणजे मुलाचे गाव, राजाचा महाल आणि गायकाची कबर, सारे आयुष्य पुन्हा एकदा गाण्याने जोडले जाते. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. हा मान कोणत्याही एका इमारतीचा नव्हे. पाचशे वर्षे एका गावात न थांबलेल्या शिकवणीचा आहे.

हे सारे आपल्या शाळेच्या स्मरणिकेत का सांगावे? कारण हीरक महोत्सवाच्या वर्षात आपणही स्मारकांचा विचार करतो आहोत. नवे प्रवेशद्वार असावे, संस्थापकांच्या नावाचा फलक असावा, सभागृह मोठे व्हावे, अशा सूचना माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने केल्या आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. चौकातील वीणेसारखी देखणी खूण असली तर रस्त्याने जाणारा थबकतो, हे खरेच. पण थबकलेल्या माणसाला आत वर्गात मुले दिसली पाहिजेत.

मराठी माध्यमाच्या वर्गांतील पट गेल्या काही वर्षांत कमी होत आहे, हे आपल्यापासून लपलेले नाही. पालकांची चिंता आम्हाला कळते. महाराष्ट्राबाहेर राहायचे, स्पर्धेत टिकायचे, मग मराठीचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ अभिमानाने देता येणार नाही. ते पक्क्या गणिताने, उत्तम इंग्रजीने, शुद्ध हिंदीने आणि त्यांबरोबर तितक्याच सकस मराठीने द्यावे लागेल. फारसी दरबारात आपल्या भाषेत गाणाऱ्याला कोणी गावंढळ ठरवले नाही, याचे कारण त्याचे गाणे पक्के होते. आपल्या मुलांचे मराठी तसेच पक्के असेल तर ती इतर भाषांत बुजणार नाहीत. एवढी जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो. संध्याकाळी घरात मराठी बोलले जावे, आजीआजोबांशी मुलांचा संवाद तुटू नये, घरात एखादे तरी मराठी पुस्तक हाती लागावे, एवढी जबाबदारी पालकांनी घ्यावी. आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी येऊन वर्गात उभे राहावे, आपल्याला जे येते ते मुलांना शिकवावे. देणगीहून ते मोठे देणे आहे.

मानसिंहाचा वंश राहिला नाही, राज्य राहिले नाही. राहिली ती त्याने लोकभाषेत रुजवलेली विद्या आणि ती घेऊन गावोगाव गेलेली माणसे. त्यांतलाच एक बादशहाच्या दरबारात पहिल्या स्थानी बसला आणि त्याच्या नावापुढे लिहिले गेले ते त्याच्या गावाचे नाव. आपल्या शाळेतून साठ वर्षांत जे बाहेर पडले, ते जिथे असतील तिथे त्यांच्या बोलण्यातून ही शाळा ओळखू यावी, आणि पुढच्या जून महिन्यात पहिलीच्या वर्गात नव्या मुलांचा आवाज घुमावा. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने याहून मोठ्या स्मारकाची इच्छा शाळेला नाही.